सोरीनच्या तोंडाला कुणी कुलूप लावलं?

कोरियातल्या कुन्सान बंदरात माझ्याइतका तल्लख मेंदू दुसरा नाही. हे मी नाही, माझ्या दुकानाची पाटी सांगते: ‘प्योन तोक-सू. चाव्या बनवून मिळतील. रहस्यं उलगडून मिळतील.’ पाटी मीच रंगवली, तो भाग वेगळा.

त्या मंगळवारी ताईचा फोन आला. ‘‘तोक-सू, सोरीन चार दिवस झाले बोलत नाहीये रे.’’

सोरीन माझी नऊ वर्षांची भाची. एरवी तिला गप्प करायला लाच द्यावी लागते. शुक्रवारी दातांच्या डॉक्टरांनी तिच्या टाळूला एक यंत्र बसवलं होतं, वरचा जबडा रुंद व्हावा म्हणून. रोज संध्याकाळी ताई इवल्याशा चावीनं त्याला एक फेरा देई. आणि येत्या शनिवारी शाळेत क्रीडादिनाची शपथ सोरीननंच सांगायची होती. बाई म्हणाल्या होत्या, गुरुवारपर्यंत तोंड उघडलं नाही तर दुसरी मुलगी बघू.

‘‘चावी माझ्याकडे दे,’’ मी म्हणालो. ‘‘चाव्यांतलं मला कळतं.’’

‘‘हात लावून तर बघ!’’

मग मी ताईच्या घरी जाऊन पुरावे गोळा केले. भाताची वाटी तशीच. स्वयंपाकघरातली कात्री गायब. सोरीनच्या बंद दाराला कान लावला, तर आतून कुजबुज: ‘‘थाप... थाप... थाप...’’

‘‘ताई, हिला कुणीतरी थाप मारलीय! आता ही कात्रीनं सूड घेणार!’’

‘‘कुणावर?’’

‘‘ते घेतल्यावर कळेल.’’

ताईनं माझ्यासमोरचा चहा उचलून नेला.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी सोरीनचा पाठलाग केला. ती थेट माझ्याच दुकानाशेजारी, गूक आजींच्या माशाच्या वड्यांच्या गाडीवर गेली. दोघी एका आरशापुढे बसून तोंडं वेडीवाकडी करू लागल्या. सांकेतिक भाषा! चोरट्या मालाची टोळी!

‘‘हात वर!’’ मी झेप घेतली.

आजी एवढ्या दचकल्या की त्यांची नवी कवळी उकळत्या रश्शात पडली.

‘‘मेल्या थोक-थू!’’ आजी ओरडल्या. पळीनं कवळी काढली, धुतली, बसवली आणि मगच उरलेल्या शिव्या दिल्या.

‘‘पोरगी शनिवारी आली आणि म्हणाली, ‘थूप द्या.’ मी लगेच ओळखलं. तोंडात नवं काही बसलं की ‘स’ पळून जातो. माझाही गेला होता. आम्ही रोज ‘साप’, ‘साल’ घोकतो, हळूहळू, मध्ये पाण्याचा घोट घेत. कात्री तिच्या दप्तरात आहे, डब्यातलं खाणं बारीक कापायला. आठवडाभरात येईल सगळं. यात रहस्य कसलं, बाबा?’’

‘‘मग घरी का बोलत नाहीस?’’ मी सोरीनला विचारलं.

ती रश्शाकडे बघत म्हणाली, ‘‘शुक्रवारी मी तुला ‘तोक-थू मामा’ अशी हाक मारली. तू हथलाथ. खूप वेळ हथलाथ.’’

हसलो होतो. खुर्चीवरून पडेपर्यंत.

मी तिथंच बसलो. आरसा माझ्याकडे वळवला. ‘‘साप,’’ मी म्हणालो. ‘‘चल, म्हण.’’

‘‘तुझं बरोबर आहे, मामा. तुला शिकायची गरज नाही,’’ ती म्हणाली, पण मग ‘थाप’ म्हणालीच.

गुरुवारी तिनं शपथ म्हणून दाखवली आणि बाईंनी मान डोलावली. शनिवारी मैदानावर सोरीननं हात उंचावून अख्खी शपथ म्हटली. शेवटी एक ‘थर्वांनी’ निसटलंच. पुढच्या रांगेत खसखस पिकली. सोरीनही हसली, यंत्रानं पुढच्या दातांत पाडलेली नवी फट दाखवत. मग घसा साफ करून तिनं तो शब्द पुन्हा म्हटला, आधीपेक्षा मोठ्यानं.