राजाची चिंतनाची खोली

होणाऱ्या सासऱ्यांवर छाप पाडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं. तिच्या बाबांना किल्ल्यांची आवड आहे एवढं कळलं आणि मी ठरवूनच टाकलं, पहिली भेट डोंगरावरच्या किल्ल्यात! दोन संध्याकाळी बसून अख्खा किल्ला पाठ केला. ती मध्येच काहीतरी सांगू बघत होती, पण माझी घोकंपट्टी ऐन रंगात होती.

अडचण एकच झाली. बाबा बोलेचनात. लग्नाला होकार की नकार, चेहऱ्यावरून काही थांग लागेना. समोरचा माणूस गप्प राहिला की माझा जीव खालीवर होतो आणि तोंड सुटतं. पहिला दरवाजा बुरुजांच्या आड का लपवला, वाट अशी मुरडत का नेली, दारावर हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर खिळे का ठोकले, सगळं सांगून झालं. ते नुसते "हं" म्हणायचे. दुसऱ्या दरवाज्यापाशी माझं पाठांतर संपलं, त्यांचं "हं" काही संपेना. मग मी पदरचं सांगायला लागलो.

तटाच्या भिंतीत एक छोटीशी खोली दिसली. आत दगडी बैठक, तिच्या मधोमध भोक आणि त्यातून येणारा दरीतला गार वारा.

"ही राजाची चिंतनाची खोली," मी ठोकून दिलं. "रोज पहाटे तो इथे एकटाच येई."

तिने माझ्या दंडाला चिमटा काढला. मला वाटलं, कौतुकाने! मग भोकातून शत्रूवर उकळतं तेल ओतत, हेही जोडून दिलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण बरोबर आलेल्या तिच्या आई दमल्या होत्या. मी त्यांना आग्रहाने बैठकीवर बसवलं, डबा तिथेच उघडायला लावला आणि पहिला घास बाबांच्या हातात ठेवला.

त्यांनी तो परत डब्यात टाकला.

"माझी सगळी नोकरी याच किल्ल्याच्या डागडुजीत गेली," ते शांतपणे म्हणाले. "हा पहारेकऱ्यांचा संडास आहे."

आई ताडकन उठल्या. त्या गडबडीत डब्यातलं सगळं भोकातून थेट दरीत गेलं. माझं लग्नही त्याच वाटेने गेलं, असं मी धरून चाललो. रिकामा डबा सांभाळत मी सगळ्यांच्या मागून किल्ला उतरलो. पायथ्याशी बाबा थांबले.

"लग्नाला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त राहायचं घर तुम्ही बघू नका."

आमचं घर त्यांनीच पसंत केलं. त्यातली कुठली खोली कशासाठी, हे मला आजतागायत कोणी विचारलेलं नाही.