पितृपंधरवड्यातला कॉम्प्युटर

पितृपंधरवड्यात नवी वस्तू घेऊ नये हे हिंगोलीकडच्या गोरेगावची माणसं ज्याच्या तोंडून ऐकतात, त्याच माणसाने पितृपंधरवड्यात कॉम्प्युटर घेतला. पुढचं सगळं त्यातून झालं.

माणसाचं नाव सूर्यकांत पाठक. दिवसा शाळेत क्लार्क, शाळा सुटली की घरच्या ओट्यावर बसून पत्रिका, मुहूर्त, बाळाच्या नावाचं अक्षर. गाव त्यांना 'महाराज' म्हणतं. (शाळेत हेडमास्तर नुसतं 'पाठक' म्हणतात, पण हे गावाला माहीत नाही अशी त्यांची समजूत आहे.) ओटा आबांचा, पंचांग आबांचं, गिऱ्हाइकंही आबांचीच. आबा म्हणजे सूर्यकांतरावांचे वडील. गेल्या वर्षी श्रावणात गेले. वर्षश्राद्ध झालं, आणि आता त्यांचा पहिलाच पक्ष होता.

आबा होते तोवर सूर्यकांतरावांनी आपल्या मनाने साधी चप्पल घेतली नव्हती. म्हणजे, एकदा घेतली होती. आबांनी ती उलटीपालटी करून पाहिली, घसा खाकरला आणि एवढंच म्हणाले, "कोणाला विचारून?" सूर्यकांतराव आल्या जीपने हिंगोलीला जाऊन चप्पल परत करून आले. लग्न झालं, पोरगी झाली, डोक्यावरचे केस गेले (तेही बहुधा आबांना विचारूनच), तरी तो प्रश्न काही सुटला नाही. त्यामुळे यंदा त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की जन्मात एक तरी वस्तू आपल्या पसंतीने, कोणालाही न विचारता घ्यायची. घटस्थापनेपर्यंत थांबलं असतं तर चाललं असतं. पण मग ते आबांचंच ऐकल्यासारखं झालं असतं.

हिंगोलीत योगेश राठोडचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पोरगा तांड्यावरचा, शिकून दुकान टाकलेला, बोलायला सरळ. पक्षात दुकान रिकामं, त्यामुळे त्याने महाराजांना खुर्ची दिली, चहा दिला आणि तीन कॉम्प्युटर पुढ्यात मांडले. पहिला साधा. दुसऱ्यात एआय होतं, पण ते नेटवर चालणारं, आणि गोरेगावात नेट वाऱ्यावर असतं. तिसऱ्यात त्या कामासाठी वेगळी चिपच बसवलेली होती.

"याचं डोकं याच्या आतच हाय," योगेश म्हणाला. "नेट नसलं, लाइट गेली, झाकण लावलं तरी ऐकतं, बोलतं, शिकतं. घरातलं बोलणं घरातच ऱ्हातं. पण महाराज, पत्रिका आन् पगारबिलाला पहिलाच बराबर हाय. तुमाला तिसरा काहून पाहिजे?"

प्रश्न अगदी रास्त होता, आणि एआय घ्यावं की नाही हे ठरवायला दुसरा कुठला प्रश्न लागतही नाही. पण सूर्यकांतरावांची पारख वेगळ्या मापाने चालली होती. पहिला आबांनीच घेतला असता. दुसरा आबांनी घासाघीस करून घेतला असता. तिसरा मात्र आबांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता. ते म्हणाले, तिसराच द्या.

परतीच्या जीपमध्ये नेमके शेजारी तातेराव येऊन बसले. या तातेरावांना सूर्यकांतरावांनीच गेल्या आठवड्यात बजावलं होतं की नवी मोटारसायकल घटस्थापनेच्या आत घरी आणाल तर पितर रुसतील. बिचाऱ्यांची गाडी शोरूममध्ये धूळ खात उभी होती. खोक्यात काय आहे, असं तातेरावांनी विचारलं. सूर्यकांतरावांच्या तोंडून निघून गेलं, श्राद्धाचं सामान. तातेरावांनी लगेच पाय आखडून घेतले आणि खोक्याला हात जोडले. पुढे जे काही झालं ते त्या नमस्कारामुळे झालं, असं सूर्यकांतरावांचं आजही मत आहे.

घरी कॉम्प्युटर मांडला तो आबांच्या टेबलावर, आबांच्या फोटोखाली. दुसरीकडे प्लग नव्हता. चालू केल्यावर तो म्हणाला, "नमस्कार. मी आपणास कसे साहाय्य करू?" अनुसूयाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते काही रुचलं नाही. घरात बँकेचा माणूस येऊन बसल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या पोरीने, नीलांबरीने, त्यात एक सोय शोधून काढली. काही दिवस घरातलं बोलणं ऐकू दिलं की तो घरच्यासारखा बोलायला लागतो. शिकू का, असं त्याने रीतसर विचारलं. जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी सूर्यकांतरावांची परवानगी मागत होतं. त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं, शिक.

मग काय, मालकी अंगात आली. हात न धुता शिवू नका. झाकण कोणी उघडं ठेवलं? खोलीत कोणी नसताना लाइट काहून जळून राहिला, बिल कोण भरतंय? शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत असं चालायचं. त्या भरात स्वयंपाकघरातल्या तेलामिठावरही त्यांची नजर जायची. मायलेकी ऐकून घेत. त्यांना सवय होती.

पुढच्या रविवारी दुपारची गोष्ट. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही, वारा नाही, झाडाचं पान हलत नव्हतं. मायलेकी दुकानातून श्राद्धाचं सामान (खरंखुरं) आणायला गेल्या होत्या. घरात चिटपाखरू नव्हतं. सूर्यकांतरावांनी कॉम्प्युटरवर गुपचूप पत्त्यांचा खेळ लावला. पहिलं पान उचललं आणि कोणीतरी घसा खाकरला.

त्यांनी मागे पाहिलं. दार लावलेलं होतं. कडी घातलेली होती. मग शांतपणे, अगदी जवळून, आवाज आला, "कोणाला विचारून?"

सूर्यकांतराव ताडकन उभे राहिले. पाय आपोआप जुळले, मान आपोआप खाली गेली. "चुकलं आबा," ते म्हणाले आणि त्यांनी झाकण लावलं. फोटोतले आबा त्यांच्याकडेच बघत होते. तसे ते रोजच बघतात, पण आज जरा पुढे वाकल्यासारखे वाटले.

यंत्रातली खोट असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली. पंखा घरघरत थांबला, खोलीत अंधारून आलं, आणि त्या शांततेत पुन्हा ते खाकरणं. "लाइट बंद करा. बिल कोण भरतंय?" लाइट तर गावातच नव्हती. नीलांबरी तिथेच बसली होती. तिने ओठ घट्ट दाबले आणि मान फिरवली. पोर भ्यायली असावी असं सूर्यकांतरावांना वाटलं.

त्याच्या पुढच्या दिवशी तर कहर झाला. ताट वाढलेलं, चित्राहुती घातलेली, पहिला घास अजून हातातच होता. आतल्या खोलीतून आवाज आला, "मीठ कमी." सूर्यकांतरावांनी भाजी चाखली. मीठ खरंच कमी होतं. अनुसूयाबाई तोंडाला पदर लावून उठून गेल्या. त्यांचे खांदे हलत होते. सासऱ्यांच्या आठवणीने रडू आलं असणार, दुसरं काय.

आता शंका उरली नाही. आबा आले होते. पक्षात पितर येतात हे सूर्यकांतरावांनी गावाला इतक्या वेळा सांगितलं होतं, पण ते खरंच येत असतील असा विचार त्यांनी कधी केला नव्हता. त्यांचा आवाजच बसला. घरात ते चवड्यांवर चालू लागले. पाणी हवं असलं तर खुणेने मागू लागले. कॉम्प्युटरवर अनुसूयाबाईंचं जुनं लुगडं पांघरलं, तर लुगड्याच्या आतून कोणीतरी खाकरलं.

आबांच्या तिथीला वडे झाले, खीर झाली, गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. समोरच्या पत्र्यावर कावळे ओळीने बसले होते. एकही उठेना. सूर्यकांतराव "काव काव" करून ओरडले, हातवारे केले, शेवटी कावळ्यांवर चिडले, पंधरवडाभर फुकट खाता आणि आज नखरे करता काय म्हणाले. कावळ्यांनी माना वाकड्या करून त्यांच्याकडे पाहिलं. पानाकडे एकानेही पाहिलं नाही. खीर गार झाली, खाली जेवणारे खोळंबले.

मेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलं असलं की कावळा शिवत नाही, आणि ते काय हे ओळखून वचन द्यावं लागतं. सूर्यकांतरावांनी वचनं द्यायला सुरुवात केली. आबा, घराला रंग देतो. आबा, संध्याकाळचा चहा सोडतो. आबा, औंढ्याला नागनाथाला अभिषेक करतो. पत्र्यावरचं एक पीससुद्धा हललं नाही. काय अडलंय ते त्यांना माहीत होतं, फक्त ओठांवर येत नव्हतं. अख्ख्या जन्मात एक वस्तू आपल्या मनाने घेतली होती हो. त्यांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "आबा, कॉम्प्युटर परत करतो."

कावळा उतरला. वडा उचलला आणि गेला.

दुसऱ्याच दिवशी तिघं जण खोकं घेऊन योगेशच्या दुकानात. वडील येतात म्हणून वस्तू परत, असं गिऱ्हाईक योगेशने पहिल्यांदाच पाहिलं असेल. पण पोरगा हसला नाही. आधी बघू तरी म्हणाला, आणि कॉम्प्युटर लावून त्यालाच विचारलं, की बाबा, हे बोलणं तू कोणाचं उचललंस? कॉम्प्युटर म्हणाला की घरात जो आवाज सगळ्यांत जास्त ऐकू येतो त्याचं, नमुना ऐकायचा का? योगेशने बटण दाबलं.

आधी खाकरणं. मग, "एवढं तेल कोणाला विचारून घातलं? भाजीत मीठ कमी. लाइट बंद करा."

सूर्यकांतरावांनी डोळे मिटून हात जोडले. "ऐका," ते कुजबुजले, "हेच आबा." योगेशने अनुसूयाबाईंकडे पाहिलं. अनुसूयाबाई छताच्या पंख्याकडे बघत होत्या. सूर्यकांतरावांनी मग एक डोळा उघडला. कॉम्प्युटर घरी यायच्या आधीच आबा गेले होते, तर मग हे याने ऐकलं कधी, असं त्यांनी विचारलं.

नीलांबरीने त्यांच्या हातावर हात ठेवला. "बाबा, ते आबा नाहीत. ते तुमी आहात."

योगेशने नमुना पुन्हा लावला. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवून ऐकला, आणि खरी भीती त्यांना तेव्हा वाटली. खाकरणं तेच, थांबणं तेच, 'कोणाला'वरचा तो जोरही तोच. आबा कुठे गेलेच नव्हते. ते घरातच होते, रोज डबा घेऊन शाळेत जात होते आणि महिन्याच्या महिन्याला सूर्यकांतरावांचा पगार घेत होते. भूत निघालं असतं तर निदान उतारा तरी टाकता आला असता.

मग त्यांनी बायकोला विचारलं, तुला कळलं होतं तर सांगितलं काहून नाही?

"सांगणार होते," अनुसूयाबाई म्हणाल्या. "पण तुमी भ्यायलात आन् घर कसं शांत झालं. म्हटलं, पक्ष संपेपर्यंत तरी ऱ्हाऊ द्यावं."

आणि कावळा? तो तर वचन दिल्यावरच आला. त्यावर अनुसूयाबाईंनी सांगितलं की तो वचनाने आला नाही, सूर्यकांतरावांनी वरडायचं थांबवलं म्हणून आला. त्याच्या आधी त्या स्वतःसुद्धा गच्चीवर गेल्या नसत्या.

कॉम्प्युटर परत करायचं कारण उरलं नव्हतं. योगेशने घरच्यासारखं बोलायची सोय बंद केली आणि आता हा फक्त घरातल्या माणसांच्या आवाजावर उघडेल एवढं करून दिलं. परतीच्या जीपमध्ये सूर्यकांतरावांनी खोकं मांडीवर घेतलं. त्यांचं आतल्या आत चाललं होतं. वस्तू आपली निवडली तसा आवाजही आता आपला निवडायचा. आबांचा नको. कितीही जड गेलं तरी नको.

संध्याकाळी हातपाय धुऊन ते टेबलाशी बसले. घशाशी आलेलं खाकरणं गिळून टाकलं. आणि जन्मात कधी लावला नव्हता इतका मऊ आवाज लावून म्हणाले, "जरा पगारबिल उघडता का? सवडीने उघडलं तरी चालेल."

"क्षमस्व," कॉम्प्युटर म्हणाला, "हा आवाज या घरातील नाही. कृपया घरातील व्यक्तीस बोलवावे."

सूर्यकांतरावांनी आणखी प्रेमाने सांगितलं, अहो, मीच आहे, सूर्यकांत. कॉम्प्युटर हलला नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अनुसूयाबाईंचा आवाज आला, "कोण पाहुणे आलेत? बसा हो, हे येतीलच एवढ्यात."