इंदूआत्याचं ‘पुन्हा’

माझी इंदूआत्या समोरच्याला एकच वाक्य तीन-तीनदा म्हणायला लावते. गुलमंडीच्या बाजारात साडीच्या दुकानातला माणूस भिंतीकडं बघत “या ताई, बसा” म्हणाला, तर ही पायरी उतरून परत आत आली. “पुन्हा. आता माझ्याकडं बघून.” तिसऱ्या खेपेला त्याला जमलं. साडी तिनं घेतली नाहीच. शेजारी मयत झाली, तर भेटायला आलेल्या बाईला म्हणाली, “पुन्हा. आधी रडू येऊ द्या, पदर नंतर शोधा.”

जन्म सिनेमात गेला की असं होतं. अभिनयाचे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवून ती आता छावणी भागात एकटी राहते. मी तिचा भाचा, हे मी भेटेल त्याला सांगतो. लग्नाच्या वेळी माझ्या बायोडाटात तिचे पुरस्कार माझ्या पगाराच्या वर होते. बायको म्हणते, “पगार आधी वाचायला पायजे होता.”

गेल्या महिन्यात आत्याचा सत्कार ठरला आणि घरच्यांतर्फे मी बोलायचं ठरलं. भाषण तिच्यासमोरच म्हणून बघत होतो. “आम्ही घरचे कायम आत्याच्या पाठीशी उभे राहिलो...”

“पुन्हा.”

पुन्हा म्हणालो.

“पुन्हा, दिल्या.”

तिसऱ्यांदा भाषणाचा कागद खाली ठेवला. मग पस्तीस वर्षं पोटात ठेवलेलं ओकून टाकलं. ती सिनेमात गेली म्हणून आजोबांनी घरात तिचं नाव बंद केलं होतं. तिचा पहिला सिनेमा इथं लागला तेव्हा मी कॉलेजात होतो. मित्रांबरोबर चोरून गेलो. पडद्यावर ती नवऱ्याच्या प्रेताशेजारी गप्प बसलेली. एकानं विचारलं, “ही तुझी आत्या व्हय रे?” “नाय बा! आडनाव सारखं असतं,” म्हणालो, आणि त्याची खात्री पटावी म्हणून दोन बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी मारली. अख्खं थेटर हसलं.

“माहितंय,” आत्या म्हणाली. “मागच्या रांगेत होते मी, तोंडावर पदर घेऊन.”

मी खुर्चीत बसलो. म्हणजे पडलोच.

“शिट्टी कानावर पडली अन् ओळखली. गच्चीवर तुला शिकवली कुणी व्हती?”

“राग नाही आला?”

“आला ना, लई आला. पण आठ दिवस रोज येऊन बसत होते रे, घरचं कुणी येतं का बघत. तू एकटाच आलास.”

मी कागद उचलून पहिलं वाक्य खोडलं.

“वाजव.”

“आत्या, समोरचे दोन दात काढलेत.”

“वाजव म्हणते ना.”

बोटं घातली. नुसती हवा निघाली आणि थोडी थुंकी.

“पुन्हा,” आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि पदर ती शोधत नव्हती.