तीन आट्यांवरचं चाक

राजनंदिनीची ड्रायव्हिंगची परीक्षा शुक्रवारी अकरा वाजता होती, आणि त्याच शुक्रवारी सकाळी साडेसहाला तिच्या नवऱ्याने गाडीचं पुढचं डावं चाक काढून कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवलं.

चहाचा कप घेऊन ती बाहेर आली आणि पायरीवरच थांबली. गाडी गल्लीत जॅकवर तिरकी उभी होती.

"आहो, हे काय करून राह्यले?"

"स्पेसर बसवून राह्यलो," कल्याण म्हणाला. "काल पार्सल आलं न्हाई का, तेच."

त्याच्या हातात ॲल्युमिनियमची चकचकीत, जाड चकती होती. ती चाकाच्या मागे बसवली की चाक दहा मिलीमीटर बाहेर येतं आणि गाडी रुंद दिसते, हे त्याने मोबाईलवर पाहिलं होतं. सलग नऊ रात्री पाहिलं होतं.

"पर आजच काहून?"

"तुझ्यासाठीच. मागच्या खेपेला आठाच्या आकड्यात तुझं चाक रेषेवर गेल्तं. गाडी रुंद झाली की पकडून चालती. बिलकुल झुलत न्हाई."

राजनंदिनीने थोडा विचार केला. "चाकं बाहेर आल्यावर तर रेषेवर अजून जल्दी जातील ना?"

कल्याणने पान्हा उचलला. "अर्ध्या तासाचं काम हाय," तो म्हणाला.

कल्याण जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये चौदा वर्षं फिटर होता. हातभर जाडीचे रोल तो केसाएवढ्या फटीवर बसवायचा. त्यामुळे घरातल्या कोणत्याही यंत्राला त्याने बाहेरच्या माणसाचा हात लागू दिला नव्हता. त्याने दुरुस्त केल्यापासून शिलाई मशीन उलट्या दिशेने शिवत होतं. पण शिवत होतं.

परीक्षेचं मात्र गमतीवारी नेण्यासारखं नव्हतं. राजनंदिनी सहा वर्षं एका बियाणं कंपनीत पॅकिंगला होती. आता तिला फील्डवर घ्यायचं चाललं होतं. अंबड, घनसावंगीकडे बीजोत्पादनाचे प्लॉट बघत फिरायचं, कंपनीची गाडी स्वतः चालवायची. अट एकच, महिनाअखेरीला लायसन्स हातात पाहिजे. एकदा ती नापास झाली होती. आजची तारीख गेली तर पुढची थेट पुढच्या महिन्यातली होती.

म्हणूनच तिचे वडील कडूबा आदल्या संध्याकाळी तीर्थपुरीहून येऊन थांबले होते. ते आता पायजम्यावर, हातात बशी धरून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. जावयाच्या कामात बोलायचं नाही, हा नियम त्यांनी अकरा वर्षं पाळला होता. फारच झालं तर ते खाकरायचे.

चाक ज्यावर बसतं त्या हबवर चकती जाईना. हबला गंज होता. कल्याणने हातोडी घेतली.

कडूबा खाकरले.

"बसती मामा, बसती," कल्याण म्हणाला, आणि चार-पाच ठोक्यांत चकती खरंच बसली. अशी बसली की जणू कारखान्यातूनच तिथे आली होती. त्याने वर चाक चढवलं, नट लावले आणि पान्हा फिरवला. एक फेरा, दोन, तीन, आणि नट घट्ट झाला.

तो थबकला. नट परत काढला, परत लावला. पुन्हा तीनच फेरे. चकतीने बोल्टची लांबी खाल्ली होती. एरवी जो नट आठ-नऊ आट्यांवर बसायचा, तो आता तीन आट्यांवर लटकत होता. मिलमध्ये एखाद्या पोराने असं काम केलं असतं तर कल्याणने त्याला गेटपर्यंत नेऊन सोडलं असतं.

"झालं का?" आतून राजनंदिनीने विचारलं.

"झालं," तो म्हणाला, आणि मग त्याच्याने राहवेना. "म्हंजे, झालं न्हाई. काढावं लागतं. लांब बोल्ट पाहिजे होते."

"मंग काढा. आठ वाजले."

चाक निघालं. चकती निघेना. कल्याणने डावीकडून ठोकलं, उजवीकडून ठोकलं. गंज सोडवायचा स्प्रे संपला होता, म्हणून खोबरेल तेल ओतलं. राजनंदिनीची ती नवी बाटली होती. चकतीला सुवास आला, पण ती हलली नाही. त्याने कंपाउंडमागची पहार आणली.

पहार पाहून कडूबा उठले. त्यांनी डिकीतून स्टेपनी काढली, गडगडवत आणली आणि गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवली.

"ते कशाला मामा?"

"असू द्या. उन्हात पडली होती."

स्टेपनी डिकीत होती आणि तिथे ऊन नव्हतं. पण कल्याण पहारीला भिडला होता. तिसऱ्या हिसक्याला जॅक कलला, गाडी एकदा डोलली आणि धप्पकन खाली येऊन स्टेपनीवर बसली. जॅक आडवा होऊन गाडीखाली अडकला. त्याचा स्क्रू वाकून पार धनुष्य झाला होता.

कल्याणने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही होते. मग त्याने सासऱ्याकडे पाहिलं. कडूबा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले होते आणि बशीत चहा ओतत होते.

याच वेळी समोरचे राधेश्याम नवा सफारी सूट घालून बाहेर आले. त्यांचा किराण्याचा होलसेल व्यापार होता, आणि आज वडीगोद्रीला भाचीचा साखरपुडा होता. त्यांनी गाडी सुरू केली, फाटकाबाहेर काढली आणि थांबवली. पुढे कल्याणची गाडी नमस्काराला वाकल्यासारखी उभी होती.

"कल्याणभाऊ, जरा साईडला घ्या ना."

"साईडला होत न्हाई भाऊ. चाक न्हाई."

राधेश्यामांनी खाली उतरून खात्री केली. "पण मला जायचंय ना. पेढे माझ्याकडं हायेत. पेढे गेले न्हाई तर साखरपुडा सुरू कसा होईल?"

एवढ्यात मागून कचऱ्याची घंटागाडी आली. तिला पुढे जाता येईना. ती तिथेच उभी राहिली आणि ओला कचरा-सुका कचरा वेगळा ठेवा म्हणून मोठ्याने सांगत राहिली. तिच्यामागे दुधाचा टेम्पो लागला. घराघरांतून माणसं बाहेर आली, आणि प्रत्येकाने वाकून एकदा चकती पाहिली. एकाने ती चांदीची आहे का असंही विचारलं.

सव्वानऊ झाले होते. राजनंदिनी आवरून, कागदपत्रांची फाईल छातीशी धरून पायरीवर बसली. ती चिडली असती तर कल्याणला बरं वाटलं असतं. ती फक्त बसली होती.

"रिक्षानं जाऊ," तो म्हणाला.

"परीक्षा रिक्षात घेतेत का?"

कल्याण रस्त्यावरच मांडी घालून बसला. दोन्ही हात काळे होते, आणि त्यातलाच एक त्याने कपाळाला लावला. "मामा," तो म्हणाला, "तुम्ही काही सांगत काहून न्हाई?"

"तुम्ही विचारलं न्हाई पाव्हणं."

"आता विचारून राह्यलो."

कडूबांनी बशी खाली ठेवली. "आमच्याकडं बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची असली की सुतार ती गवऱ्यांच्या जाळात ठिवायचा. तापली की फुगती, ढिली होती. मंग चढती बी आन् उतरती बी. ही तुमची चकती धावंसारखीच दिसती मला."

कल्याण ताडकन उभा राहिला. मिलमध्ये तो दर आठवड्याला बेअरिंग तापवून शाफ्टवर चढवत होता. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा दुप्पट फुगतं, हे त्यानेच तिथल्या पोरांना शिकवलं होतं. घरी आल्यावर ते त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"नंदा, पाणी ठेव," तो म्हणाला. "कडकडीत."

राजनंदिनी केव्हाच आत गेली होती. दोन शेगड्यांवर दोन पातेली चढली. तोवर राधेश्यामांनी, पेढ्यांची आठवण ठेवून, स्वतःच्या डिकीतला जॅक काढून दिला. टेम्पोवाला, घंटागाडीचे दोघं आणि राधेश्याम यांनी गाडी हाताने उचलून धरली, कल्याणने खाली विटा आणि नवा जॅक लावला. सफारीवर तेलाचा एक डाग पडला. राधेश्यामांनी तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

उकळतं पाणी चकतीवर पडलं. वाफ आली, खोबरेलाचा वास गल्लीभर पसरला. कल्याणने मागून हलका ठोका दिला. काही नाही. दुसरं पातेलं ओतलं. पुन्हा ठोका. चकती टण्णकन निसटली आणि लोळत लोळत जाऊन घंटागाडीच्या चाकाला टेकली.

घंटागाडीवाल्याने विचारलं, "सुका कचरा का?"

"न्हाई," कल्याण घाईने म्हणाला.

चाक चढलं. तो नट आवळायला बसला, तेव्हा राजनंदिनीने पान्हा त्याच्या हातातून घेतला. "मीच आवळते. चालवणार मी हाय." तिने हाताने आवळलं, मग पान्ह्यावर पाय देऊन दाबलं, आणि प्रत्येक नटाचे फेरे मोजले. नऊ. चारही नटांना नऊ.

आरटीओत पोचले तेव्हा अकरा वाजायला सात मिनिटं होती. कल्याणच्या कपाळावर पाच बोटं काळी उमटलेली होती. इन्स्पेक्टरने त्याकडे पाहिलं, पण विचारलं वेगळंच.

"शिकाऊ उमेदवाराच्या शेजारी लायसन्सवाला कोण बसून आला?"

"मीच," म्हणत कल्याणने आपलं लायसन्स पुढे केलं.

इन्स्पेक्टरने ते उलटून पाहिलं. "हे संपून चौदा महिने झाले."

कल्याणने ते हातात घेतलं आणि तारीख वाचली. परत वाचली. राजनंदिनीने फाईल आणखी घट्ट धरली. मागच्या सीटवरून कडूबा सावकाश उतरले. बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून लायसन्स. ट्रॅक्टरचं आणि मोटारीचं, दोन्ही. मागच्या वर्षीच नवं करून घेतलेलं.

"मी बसतो पुढं," ते म्हणाले.

आठाच्या आकड्यावर राजनंदिनी सावकाश गेली. मागच्या खेपेला डावं चाक नेमकं कुठे आहे हे तिला कळलं नव्हतं. आज सकाळपासून तिने ते चाक इतक्या जवळून, इतक्या बाजूंनी पाहिलं होतं, की सीटवर बसूनही ते तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. चाक रेषेला शिवलंही नाही.

"पास," इन्स्पेक्टर म्हणाला, आणि मग कल्याणकडे वळला. "तुमचं मात्र वर्षाच्या वर झालं. आता शिकाऊ लायसन्स काढा आणि परीक्षा द्या."

"मी वीस वर्षं चालवून राह्यलो, साहेब."

"मंग सोपं जाईल."

पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी, एमआयडीसीच्या मागच्या मोकळ्या मैदानात चुन्याने मोठा आठ आखलेला होता. राजनंदिनी आठवडाभर अंबड तालुक्यातले प्लॉट फिरून आली होती. तिचे हात कोपरापर्यंत रापले होते. ती डावीकडच्या सीटवर बसली होती, आणि लाल एल चिकटवलेल्या काचेमागे स्टिअरिंग धरून कल्याण.

दुसऱ्या वळणावर मागचं चाक चुन्यावरून गेलं.

"रेषाच जवळ आखली," कल्याण म्हणाला.

"मंग उतरा आन् मोजा."

तो उतरला. वितीने मोजलं. रेषा बरोबर होती. तो येऊन परत बसला.

"परत घेऊ?" त्याने विचारलं.

"घ्या. घाई करू नका. मागचं चाक कुठं हाय ते आधी मनात आणा."

या खेपेला त्याने मनात आणलं. गाडी गोगलगायीसारखी फिरली. चुना चार बोटं लांब राहिला. राजनंदिनीने काचेतून वाकून मागे पाहिलं, नीट पाहिलं, आणि मग म्हणाली, "बराबर."

मिलच्या मालकाने कधीकाळी सर्वांसमोर पाठ थोपटली होती, तेव्हाही कल्याणला इतकं बरं वाटलं नव्हतं.