साठ पावलांचा पाइप

चतुराबाईंनी गेल्या अकरा वर्षांत नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, स्वयंपाकघरात पाणी. विहीर अंगणाच्या एका टोकाला, चूल दुसऱ्या टोकाला, मध्ये मोजून साठ पावलं. पाइप नव्हते म्हणावं, तर तुषार सिंचनाचा अख्खा संच गोठ्यात उभा होता. पण इंद्रभान म्हणजे अनसिंगच्या पंचक्रोशीत बोलण्यात हार न जाणारा माणूस. बाईंनी विषय काढला की ते पाण्याचा दाब, अंगणाचा उतार आणि आपल्या आजोबांची तब्येत यांवर असं काही बोलत सुटायचे, की शेवटी बाईच घागर उचलून चालू लागायच्या. गावात मात्र कोणीही पाइप मागावे आणि घेऊन जावे. 'नाही' हा शब्द इंद्रभाननी फक्त घरात वापरायला ठेवला होता.

दिवाळीच्या सुट्टीत लेक ज्योत्स्ना वाशिमच्या कॉलेजातून घरी आली आणि दुपारी लॅपटॉपवर खेळत बसली. शेंगा सोलता सोलता चतुराबाईंची नजर पडद्यावर गेली. उजाड ग्रहावर यान कोसळलेला, हेल्मेट घातलेला एक माणूस होता. आधी तो हातानं दगड फोडत होता, मग त्यानं यंत्रं मांडली, मग माल वाहणारे सरकते पट्टे टाकले. चहूकडून हे एवढाले किडे चाल करून येत होते, तरी त्याच्या तोंडून हूं नाही की चूं नाही.

"हा बोलत काहून नाही वं?"

"तो बोलतच नाही, आई. खेळच तसा हाय. मुका गडी."

"मंग त्याले कोणी काही म्हणत नाही?"

"म्हणतेत ना. हे कर, ते कर, धमक्या येतेत. तो गुमान आपला कारखाना बांधते. एकडाव पट्टा टाकला का ते वझं पुन्हा हातानं वाहाचं काम नाही."

"सारं एकटाच करते?"

"दुसरा गडी जोडता येते. पण माह्यासंगं खेळाले कोण हाय इथं?"

चतुराबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. अकरा वर्षं आपण बोललो, तिथंच चुकलो, हे त्यांना लख्ख कळलं. नेमका तेव्हाच बैठकीतून इंद्रभानचा आवाज आला, "घेऊन जाय ना हरीओम! पाइप का कुठं पळून चालले? उद्या संध्याकाळी ट्रॅक्टर आण." या हरीओमचा स्वतःचा संच अजून वेष्टनातून निघाला नव्हता. तो खराब होऊ नये म्हणून दरवर्षी हरभऱ्याला तो यांचे पाइप न्यायचा आणि होळीपर्यंत परत द्यायचं नाव काढायचा नाही. म्हणजे चतुराबाईंच्या हातात उद्याचा एक दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा ठेवला, पण तोंड उघडलं नाही.

"साखर कमी हाय," इंद्रभान म्हणाले. उत्तर नाही. "रागावली काय?" उत्तर नाही. बाई गोठ्यात गेल्या आणि एक पाइप ओढत अंगणात आणून टाकला. इंद्रभाननी उताराचं सगळं शास्त्र पुन्हा समजावलं. तोवर त्या दुसरा पाइप आणायला गेल्या होत्या. समोरून शब्द येईना, त्यामुळे कशाला उत्तर द्यावं हेच इंद्रभानना कळेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बायकोची भीती वाटली.

विरजण मागायला आलेल्या शेजारच्या रुपाबाईंनी हा प्रकार पाहिला आणि डोक्यावरचा पदर सावरला. "अवो भाऊ, कार्तिक चालू हाय! बाईनं मौन धरलं!"

इंद्रभानचा जीव भांड्यात पडला. व्रत आहे म्हणजे आपला गुन्हा नाही. चौकात जाऊन त्यांनीच बातमी सांगितली, आणि सांगता सांगता व्रत सव्वा महिन्याचं करून टाकलं. दुपारपर्यंत अंगणात बायकांची रीघ लागली. नारळ आले, ओटी आली. एकीनं पाया पडून घेतलं.

चतुराबाई पार ओशाळल्या. 'अवो, तसं काही नाही' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण हेल्मेटवाला डोळ्यांसमोर उभा राहिला आणि त्यांनी शब्द गिळले. पाइपावर उभ्या असलेल्या रुपाबाईंना बाजूला करावं म्हणून त्यांनी नुसतं बोट दाखवलं. रुपाबाईंनी तो हुकूम मानला. चार बायकांनी पाइप उचलला. बाईंनी जरा बिचकतच विहिरीकडे बोट केलं. पाइप विहिरीकडे निघाला.

मग मात्र चतुराबाईंना बोटाची किंमत कळली.

बोट विहीर आणि चुलीच्या मध्ये येणाऱ्या बैठकीच्या भिंतीकडे वळलं, तेव्हा लखीराम गवंडी छिन्नी घेऊन हजर होता.

"अरे, माह्या बैठकीतून कायले?" इंद्रभान ओरडले.

"भाऊ, मौनातल्या बाईले आडवं नका जाऊ," लखीराम म्हणाला आणि घाव घातला. बैठकीतला दिवाण आडवा येत होता. तो उचलून लिंबाखाली ठेवण्यात आला, आणि त्यावर बसलेले इंद्रभानही त्याच्यासोबतच गेले.

चारला लाइन आली. ज्योत्स्नानं मोटार चालू केली. एका पाइपावरचं फिरतं नोझल काढायचं राहिलं होतं आणि तो पाइप नेमका बैठकीत होता. टक टक टक करत त्यानं गोल फिरून लखीरामला, भिंतीवरच्या कॅलेंडरला, दारातल्या सगळ्या गर्दीला आणि दारातून पार लिंबाखालच्या इंद्रभाननाही न्हाऊ घातलं. रुपाबाईंनी ते पाणी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावलं. आत स्वयंपाकघरात मोठा ड्रम मिनिटभरात भरून वाहू लागला. चतुराबाई घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. त्यांना रडू फुटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मोटार बंद झाली, गर्दी पांगली, आणि दारात हरीओमचा ट्रॅक्टर उभा राहिला.

"काका, नेऊ ना पाइप?"

लिंबाखाली ओल्या धोतरानं बसलेल्या इंद्रभाननी तोंड उघडलं. बाहेरच्या माणसाला 'नाही' म्हणायची सवय नव्हती, त्यामुळे शब्द निघेना. खिडकीत चतुराबाई उभ्या होत्या, हातात रिकामी घागर. नुसत्या बघत राहिल्या.

इंद्रभाननी तोंड मिटलं. मग हळूच बोट उचललं आणि हरीओमला त्याच्याच घराची दिशा दाखवली.

हरीओमनं झटकन चपला काढल्या. "काका, तुमीबी?" त्यानं वाकून नमस्कार केला, आणि रिकामा ट्रॅक्टर वळवून निघून गेला.

चतुराबाईंनी घागर माळ्यावर पालथी घातली आणि दिवसातलं पहिलं वाक्य बोलल्या.

"ज्योत्स्ने, त्या खेळात दुसरा गडी जोडता येते म्हणत होतीस ना? आपल्याइथं जोडला."