शिवराम मास्तरांची हातोडी

शिवराम मास्तर आमच्या घरी आले की आधी पितळी तांब्या वाजवत, मग माणसांची चौकशी करत. कोटाच्या खिशात सोनाराकडे असते तसली बोटभर हातोडी. लोणावळ्याच्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी जगाची परीक्षा घेणं सुटलं नाही. "नाद ऐका, नाद," म्हणत. खणखणला तर धातू, बद्द वाजला तर अधातू. चहा आला की त्यात पितळी चमचा आणि लाकडी पळी शेजारी शेजारी उभी करत आणि कुठलं टोक आधी चटकतं ते माझ्या आईला धरून बघायला लावत. तोवर चहा निवून जाई. आई बिचारी दुसरा करून देई. मी तोच पाजला असता.

एकदा वर्गाला नाद समजावा म्हणून त्यांनी स्टेशनवर टांगलेला रुळाचा तुकडा बडवला. गाडी आली समजून निम्मं फलाट हातातला चहा टाकून धावलं. "बघा, किती लांब जातो," मास्तर म्हणाले. माणसांनाही तेच माप. शाळेत मला एक उत्तर आलं नाही, तेव्हापासून मी अधातू. मी तिशीला आलो तरी भर बाजारात हाक मारत, "काय अधातू, कुठं निघालास?" असल्या माणसाला माझे वडील विद्वान समजत.

माझ्या बहिणीच्या, कुसुमच्या साखरपुड्याला मात्र कहर झाला. मुलाकडच्या, नवलाख उंबरे गावच्या शेतकरी मंडळींनी सुनेसाठी सोन्याची बोरमाळ आणली होती. ती हातोहात फिरत मास्तरांकडे आली. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी मणी वाजवलाही. बद्द.

"अधातू," मास्तरांनी भर बैठकीत निकाल दिला.

मुलाची आई सांगत होती की वर नुसता सोन्याचा पत्रा असतो, आत लाख भरलेली असते. पण मास्तरांच्या शब्दाबाहेर नसलेले माझे वडील अडून बसले, एक मणी फोडून दाखवा. सुनेच्या गळ्यात पडायचा दागिना कोण फोडू देईल? मुलाचे वडील पागोटं सावरत उठले.

"आमी हितं खोटं घालाय आलो व्हय? न्हाई जमायचं."

आत कुसुम रडत होती. मी मास्तरांना काय काय बोललो, ते लिहिण्याजोगं नाही. ते उठून बाहेर पडले. पळाला म्हातारा, असंच मला वाटलं.

मुलाकडची मंडळी अजून वहाणा शोधत होती, तेवढ्यात मास्तर धापा टाकत परतले. हातात रेशमी चिंधीत गुंडाळलेली जुनी बोरमाळ होती. त्यांच्या बायकोची; तिला जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांनी एक मणी वाजवला. बद्द. मग चाकूनं तोच मणी सगळ्यांसमोर चिरला. वर कागदासारखा पातळ पिवळा पत्रा, आत तांबडी लाख.

"चूक माझी," ते मुलाच्या वडिलांना म्हणाले. "बसा, भाऊ."

ते बसले. साखर वाटली गेली.

मंडळी गेली तरी माझा राग उतरला नव्हता. मी विचारलं, "आख्ख्या गावाचे तांबे बडवलेत. घरची माळ कधी वाजवून बघितली नाहीत?"

मास्तर चिरलेला मणी अंगठ्यानं दाबून मिटवू पाहत होते. तो मिटेना.

"तिच्या वस्तूला हातोडी लावली नव्हती रे," ते म्हणाले. "आज पहिल्यांदाच."

मला माझीच लाज वाटली. मी त्यांना घरी पोचवायला निघालो. स्टेशनजवळ रुळाचा तुकडा खणखणला. मास्तरांनी मान वर केली नाही.