लोण्यासारखा चाप

घरात शांतता हवी असेल तर घरात पिस्तूल हवं, याबद्दल ओक्लाहोमातल्या त्या गावात दुमत नव्हतं. दुमत होतं ते कोणतं, एवढ्यापुरतंच.

टेसाचा नवरा कोल्बी तेलविहिरीवर कामाला, पंधरवडाभर बाहेर. घरी ती आणि तीन वर्षांची ओपल. "मी येईपर्यंत एक घेऊन ठेव," असं कोल्बीनं बजावलं होतं, म्हणून ती शूटिंग रेंजवरच्या 'बायकांच्या गुरुवारी' गेली. (लिंबू सरबत फुकट, कानात घालायचे बोळे विकत.)

पहिलं पिस्तूल वजनदार. धक्का कमी, पण पर्सचा पट्टा तुटायचा. दुसरं पर्समध्ये लिपस्टिकशेजारी बसायचं. मात्र उडवलं की मनगट कपाळाला भेटायला यायचं. तिसऱ्याचा चाप इतका कडक, की तिनं दोन्ही हातांनी ओढला तरी तो जागचा हलला नाही. चौथं मात्र अप्रतिम.

"पोरी, लोणी आहे लोणी!" रेंजचा मालक वेंडेल म्हणाला. "आमच्या म्हातारीची बोटं संधिवातानं वाकलीत, तीसुद्धा उडवते. जोर म्हणून लागत नाही."

टेसानं उडवलं. कागदी चोर छातीत मेला.

"आणि तीन वर्षांच्या बोटाला, वेंडेलकाका?"

वेंडेलनं सरबताचा घोट घेतला. "त्यासाठी तिजोरी मिळते ना. आकडे जुळवले की उघडते."

"चोर आला की अंधारात आकडे जुळवू?"

"पाठ करून ठेवायचे गं."

"तोवर चोराला काय, बस म्हणू? कॉफी देऊ?"

खोकल्याच्या औषधाचं झाकण लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून दाबून फिरवावं लागतं. आदल्याच दिवशी टेसाला ते उघडलं नव्हतं, आणि ओपल रात्रभर खोकली होती. (लेकरांच्या सुरक्षिततेबाबत देश फार जागरूक आहे.)

तिनं तिसरं घेतलं.

"अगं, ते तुला ओढवत नाही!"

"म्हणून तर."

परत आल्यावर कोल्बीनं पिस्तूल हातात तोललं, आता घर सुरक्षित आहे असं जाहीर केलं आणि ते फडताळात ठेवलं. ते खरंही होतं. घरातलं हे एकमेव हत्यार टेसालाही चालवता येत नव्हतं. फडताळाखालच्या पलंगावर ओपल झोपली होती, तोंड उघडं, मुठीत आईच्या बाहीचं टोक. टेसा बाही सोडवून न घेता तशीच बसून राहिली.

एवढंच. मुलीचं वय कळल्यापासून तुम्ही बार उडायची वाट बघत होतात, त्याबद्दल क्षमस्व.